असेल उसात कुठंतरी

वसुबारसेच्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास आम्ही मळ्यावर पोचलो. गाडीचं दार पुरतं उघडायच्या आतच माझ्या मुलानं विचारलं, "वाघ्या कुठंय?" मी डिकीतून पिशव्या काढत होते. एकीत चकल्यांचा डबा होता, तो आडवा झालाय का ते बघत, मान वर न करता म्हणाले, "असेल उसात कुठंतरी. येईल." वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली होती. तांब्या माझ्या हातात देताना ती क्षणभर थांबली, मग पिशवी उचलून आत गेली. आई पायरीवर उभी होती. तिनं नातवाला जवळ ओढलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "चल, तुला वासरू दाखवते." नाना गोठ्याच्या जाळीशी काहीतरी बांधत बसले होते, ते तिकडंच बघत राहिले. उन्हाला सोयाबीनच्या काडाचा वास होता. मला काही म्हणजे काहीच वेगळं वाटलं नाही.

संध्याकाळी गाय-वासरांची पूजा झाली. आमच्याकडे त्या दिवशी गहू नाही, मूग नाही, आणि घरातल्या बायका गाईच्या दुधाचा थेंबही घेत नाहीत; ते दूध वासराचं. उपास सोडायचा तो बाजरीची भाकरी आणि गवारीच्या भाजीवर. घरात गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, पण आई भाकरी मागच्या पडवीतल्या चुलीवरच करते. नवी बाजरी होती. नव्या बाजरीच्या पिठाला कोमट पाणी लागलं की एक गोडसर, किंचित उग्र वास येतो. माझ्या लेखी दिवाळीचा पहिला वास तो, उटण्याचा नंतर. मी चुलीसमोर पाटावर बसून जाळ सारत होते. आई थापत होती. परातीतली भाकरी हाताखाली फिरायची, तळहातावरून तव्यावर पडायची, वरून पाण्याचा हात, मग उलथनं, मग तवा सरकवून जाळासमोर उभी, आणि टम्म फुगली की दुरडीत. आई कधी मोजताना दिसत नाही, पण तिच्या भाकऱ्या कधी चुकत नाहीत. शेवटी परातीच्या कडेला राहिलेलं पीठ तिनं ओल्या हातानं गोळा केलं, त्याची लहानशी, जाडसर, फारशी न थापलेली भाकरी केली, भाजली, आणि दुरडीत न टाकता वैलावर ठेवली.

ती भाकरी मी ओळखते. ती वाघ्याची.

"अजून आला नाही का गं तो?" मी विचारलं. आईचा हात तव्यावर थांबला. तिनं वैलावरची भाकरी उचलली, थोडा वेळ तशीच हातात धरली आणि दुरडीत बाकीच्या भाकऱ्यांवर ठेवली. म्हणाली, "पीठ उरतंय. हाताला सवय हाये." मला तरीही कळलं नाही. शेवटी दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "ताई, वाघ्याला वाघानं नेला. गणपती बसायच्या चार दिवस आधी." आमच्याकडे बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही. वर्तमानपत्रात आणि वनखात्याच्या माणसांसमोर तो बिबट्या असतो, घरात तो वाघ.

गणपतीच्या आधी म्हणजे जवळजवळ दोन महिने. मी रोज रात्री साडेआठला फोन करते; एखाददुसरा दिवस चुकला असेल. म्हणजे पन्नासेक फोन. त्या पन्नास फोनांमध्ये टोमॅटोचा भाव होता, डेअरीच्या फॅटचा घोळ होता, भाचीच्या शाळेतलं स्नेहसंमेलन होतं, चुलत चुलत्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं. मी मध्येच कधीतरी "वाघ्या काय करतो?" असं विचारलंही असणार, कारण मी ते नेहमी विचारते. आणि आईनं "काय करनार, पडलाय" असं उत्तर दिलं असणार. मला राग आला. चुलीचा धूर डोळ्यांत जात होता, तरी तिथंच बसून मी म्हटलं, "मला सांगितलं नाही तुम्ही." आई म्हणाली, "काय सांगायचं फोनवर? कुत्रं व्हतं."

आठ वर्षांत तिनं त्याला कुत्रं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती फक्त रागामुळं लागली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी दुपारी दोनला आले होते. भाकऱ्या झाल्या तेव्हा सात वाजले होते. गाडी फाट्यावरून आत वळली की धुरळ्यातून धावत येणारं, बोनेटच्या बाजूनं उड्या मारणारं, मी उतरल्यावर माझ्या ओढणीला चिखलाचे पाय लावणारं जनावर पाच तास नव्हतं, आणि मला त्याची उणीव भासली नव्हती. विचारलं ते पोरानं. मी उत्तर देऊन टाकलं, आणि काय उत्तर दिलं! "असेल उसात कुठंतरी." नाना तेव्हा जाळी बांधत होते. त्यांनी ते ऐकलं असणार.

वाघ्या आमच्याकडे आला तो धनगरांकडून. पारनेरच्या बाजूचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतात आणि माळशेज घाट उतरून कोकणात जातात. पावसाच्या तोंडावर परत वर येतात. वाटेत आमच्या मोकळ्या रानात दोन-तीन रात्री मेंढरं बसतात. लेंडीखतानं रान सुधारतं, त्यांना धान्य किंवा पैसे मिळतात. लहानपणापासून त्या रात्री मला फार आवडायच्या. तीन दगडांच्या चुली, घोड्यांवरून उतरवलेली बिऱ्हाडं, कोकरांचं रडणं, आणि पहाटे सगळं उठून गेल्यावर रानात राहिलेला लोकरीचा ओलसर वास. तशाच एका मुक्कामात एका धनगरणीनं आईकडून ताकाचा हंडा नेला आणि हंडा परत करताना त्यात पिल्लू घालून आणलं. काळं कुळकुळीत, भुवयांच्या जागी दोन पिवळे ठिपके. "चार डोळ्यांचं हाये, राखण करील," ती म्हणाली. आमचं कुलदैवत खंडोबा, म्हणून नानांनी नाव ठेवलं वाघ्या. चंपाषष्ठीला तळी भरून झाली की भरीत-रोडग्याचा पहिला घास त्याला. तो तो घास घाईनं खायचा नाही. नानांच्या हातातून दातांच्या टोकांनी उचलायचा, बाजूला जाऊन मातीवर ठेवायचा, हुंगायचा, मग खायचा. नाना म्हणायचे, प्रसाद कसा खायचा ते याच्याकडून शिका.

मी लहान असताना आमच्या मळ्यात वाघ नव्हता. ऐंशी-नव्वदच्या दशकात आम्ही पोरं चैत्र-वैशाखात खळ्यावर उघड्यावर झोपायचो, आणि भीती असायची ती विंचवाची. कुकडीचं पाणी कालव्यानं फिरलं, तसा माळ हिरवा होत गेला. आधी बाजरी आणि मटकी, मग कांदा, मग ऊस. आमच्या घरासमोर एकेकाळी थेट ओढ्यापर्यंत दिसायचं. आता दारातून बाहेर पाहिलं की उसाची भिंत दिसते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. तेवढ्यात त्याच्या आत एका जनावराचा सगळा संसार मांडून होतो: सावली, पाणी, आडोसा, आणि रात्री चार पावलांवर आमची वस्ती. २००० सालानंतर तालुक्यात वाघ दिसल्याच्या, शेळ्या गेल्याच्या आणि पुढं माणसं गेल्याच्याही बातम्या यायला लागल्या. आज माझ्या भाच्याच्या वयाच्या पोरांना वाघ नसलेला मळा माहीतच नाही. ती पोरं संध्याकाळी सातनंतर अंगणाच्या कडेपर्यंत जात नाहीत, आणि ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास केला होता. तो मी पुण्यात बसून फार पूर्वी वाचला होता. तिथला बिबट्या जे खातो त्यात, वजनाच्या हिशोबानं, सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. गाई-शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. वाचताना मला ते फार रोचक वाटलं होतं, दोघातिघांना मी ते सांगितलंही होतं. या वेळी अंधारात छताकडे बघत पडले असताना तो आकडा आठवला आणि त्यात दोन पिवळे ठिपके दिसले. शेळी गेली, वासरू गेलं तर पंचनामा होतो, भरपाई मिळते. कुत्र्याचं कुणी काही विचारत नाही. मळ्यावरच्या प्रत्येक घरात एक कुत्रं गेलेलं असतं, आणि दुसरं आणलेलं असतं.

आमच्याकडे दुसरं आणलेलं नव्हतं. ते का, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. गोठ्याच्या खुंटीला वाघ्याचा पट्टा टांगलेला होता. दादानं तो मुद्दाम बनवून घेतला होता, जाड चामड्याचा, बाहेरच्या बाजूनं खिळ्यांची टोकं आलेला; वाघ आधी मान धरतो म्हणून. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं. मी हातात घेतला तर वहिनी हळूच म्हणाली, "त्या रात्री काढला होता. खिळ्यांनी मानेला जखम झाली होती, नानांनी हळद लावलेली." त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. शेतीपंपाला थ्री फेज मिळते आठ तास, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. पावसानं पंधरा दिवस दडी मारली होती, टोमॅटो सुकायला लागले होते, आणि दादा पिकअप भरून वाशीला गेला होता. एरवी वाघ्या रात्री जाळीच्या आत असायचा. त्या रात्री लाईट आल्यावर साडेबाराला नाना दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, एकटे निघाले आणि वाघ्याला सोबत नेलं.

माझे वडील बहात्तर वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून: रात्री पाणी द्यायला जायचं नाही. ते म्हणाले होते, "नाय जाणार."

पाण्याच्या चारीच्या वळणावर वाघ्या दहा पावलं पुढं होता. नाना बॅटरी खाली धरून चालत होते, पायाखालचं बघत. वाघ्या थांबला, गुरगुरला. मग एकदाच ओरडला. नानांनी बॅटरी वर केली तेव्हा उसाची पानं हलत होती, तेवढंच. नाना तिथं किती वेळ उभे राहिले ते कुणालाच माहीत नाही. ते पाणी सोडून आले, दारं मोडलं तर मोडू दे म्हणून. आईनं दार उघडलं तर ते उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "त्यो पुढं व्हता." इतकंच. मला हे वहिनीनं सांगितलं, गोठ्यात, शेणाची पाटी भरता भरता, माझ्याकडे न बघता. "तुम्हाला वाघ्याचं सांगितलं असतं, तर कुठं आणि कसा नेला ते तुम्ही विचारलं असतं. मग नानांचं सांगावं लागलं असतं."

म्हणजे कुत्र्याची बातमी लपवलेली नव्हतीच. लपवली होती ती रात्र.

मळ्यावरून येणाऱ्या फोनांचा एक नियम आहे, तो मला लग्न होऊन गेल्यावर पंधरा वर्षांनी उमगला. फोनवर कालवड होते, गोऱ्हा कधीच होत नाही. गाय व्याली आणि कालवड झाली की आई फोन उचलल्या उचलल्या सांगते. गोऱ्हा झाला तर गाय व्याल्याची बातमीच येत नाही. महिन्याभरानं दूध वाढल्याचं कळतं तेव्हा आपण समजायचं. संकरित गाईच्या गोऱ्ह्याचं करायचं काय, हा आमच्याकडच्या प्रत्येक गोठ्यातला न बोलला जाणारा प्रश्न आहे. त्याला खिल्लारासारखं वशिंड नाही, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि ट्रॅक्टरच्या दिवसांत बैल तरी किती लागतात. त्याच्या वाट्याचं दूध डेअरीला गेलं तर चार पैसे मिळतात. आईला हे सगळं कळतं आणि सोसत नाही, म्हणून ती सांगत नाही. तशाच कांद्याच्या चाळीत सडलेल्या पाट्या फोनवर येत नाहीत, नानांची दम लागून मध्येच बसण्याची सवय येत नाही, दादा-वहिनीची बोलाचाली येत नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तेच करते. मार्चमध्ये माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, जूनमध्ये दुसरी लागली. ते तीन महिने आईसाठी झालेच नाहीत. ती विचारायची, "जावई आले का कामावरून?" आणि मी म्हणायची, "आत्ताच आले, चहा घेतायत." तो शेजारच्या खोलीत दिवसभर बसलेला असायचा. मळ्यावर भीती पोचू नये म्हणून मी राखण करत होते, आणि पुण्यात पोचू नये म्हणून ती.

नानांशी मी भांडायचं ठरवलं होतं. भांडले नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे अंघोळी उरकून सगळे फराळाला बसलो, आणि ते न खाता गोठ्याकडे गेले, म्हणून मीही मागून गेले. चांदीचे दिवस भरले होते. गाईचे नऊ महिने नऊ दिवस नाना वहीत नाही, कॅलेंडरवर लिहितात. कॅलेंडरवर एकादशीच्या शेजारी पेन्सिलीनं 'चांदी' असं लिहिलेलं होतं. ती अस्वस्थ होती, बसत होती, उठत होती, शेपटी एका बाजूला धरत होती. नाना तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि न थांबता बोलत होते: "हां माय. हां. व्हतंय. व्हतंय." त्यांच्या त्या आवाजात मी वाढले आहे. मला ताप आला की ते असंच बोलायचे. त्यांना बघताना एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी ऊसतोड चालू असताना फडात वाघिणीची दोन पिल्लं सापडली होती, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. तोडणारी माणसं बाजूला झाली, वनखात्याची माणसं आली. त्यांनी पिल्लं तपासली आणि संध्याकाळी एका क्रेटमध्ये घालून, होती त्याच जागी ठेवली, आई येऊन नेईल म्हणून. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात नेली तर ती जन्माची पिंजऱ्यात जातील, असं त्यांच्यातला एकजण सांगत होता. त्या संध्याकाळी नाना घराच्या गच्चीवर अंधार पडेपर्यंत उभे राहिले. वाघ्या खाली जाळीत वेड्यासारखा भुंकत होता. पहाटे क्रेट रिकामा मिळाला तेव्हा नाना सगळ्यांना सांगत सुटले, "नेली गं, आईनं नेली." त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी फोटोत पाहिलाय, भाच्यानं काढलेल्या. ती पिल्लं आता मोठी झाली असतील. त्यांच्यातलंच एखादं चारीच्या वळणावर असेल, हे नानांच्या मनात आलं नसेल असं होणार नाही. मी विचारलं नाही.

चांदी व्यायला दुपार गेली, संध्याकाळ गेली. रात्री दहाच्या पुढं पाण्याची पिशवी फुटली आणि पुढचे खूर दिसायला लागले, पांढरे, ओले, मेणाचे केल्यासारखे. डॉक्टर दुसऱ्या गावाला अडकले होते. दादानं बाह्या वर केल्या. माझा मुलगा जाळीला धरून उभा होता, त्याला आत पाठवावं असं मला वाटत होतं, पण आई म्हणाली, "बघू दे." कळ आली की ओढायचं, कळ गेली की थांबायचं, नाना मान हलवून खूण करायचे आणि दादा त्या खुणेवर. गाईनं मान लांब करून एक घोगरा आवाज काढला, असा की पोटात कालवलं, आणि वासरू गवतावर घसरून आलं. हलत नव्हतं. नानांनी नाकपुड्यांतला चिकटा बोटांनी काढला, काडानं अंग खसाखसा घासलं, कानात फुंकर घातली. तेवढ्या वेळात कुणी बोललं नाही. मग ते शिंकलं. चांदी वळली आणि चाटायला लागली, तो खरखरीत जिभेचा आवाज त्या शांततेत मोठा वाटत होता. आईनं कंदिलासारखी बॅटरी वर धरली होती. दूर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची एक मोठी थाळी चांदण्यांच्या उजेडात आभाळाकडे तोंड करून होती. अशा तीस थाळ्या आहेत, त्यातली एक आमच्या गोठ्यातून दिसते, आणि कधी कधी रात्रीत तिची दिशा बदललेली असते. नानांनी वासराचा मागचा पाय उचलून बघितलं आणि पाय खाली ठेवला.

गोऱ्हा होता.

कुणी काही म्हणालं नाही. दादा हात धुवायला गेला. नाना चीक काढायला बसले, तासाभराच्या आत पाजायला हवा म्हणून, आणि कोवळ्या गोऱ्ह्याच्या तोंडात बोट घालून त्याला सडापाशी नेत राहिले, तो चुकायचा, ते पुन्हा न्यायचे. जार, म्हणजे वार, पडेपर्यंत गाईपाशी बसून राहावं लागतं, नाहीतर ती खाऊन टाकते. आई आणि मी बसलो. माझ्या मुलानं केव्हा माझा फोन घेतला आणि त्याच्या बाबांना लावला, मला कळलंच नाही. "बाबा! वासरू झालं! मी बघितलं! मेलं होतं, आजोबांनी शिंकायला लावलं! गोऱ्हा आहे, गोऱ्हा!" तो इतका मोठ्यानं ओरडत होता की चांदीनं कान हलवले. आईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय ते अंधारात दिसलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुज्या नानाला रातचं जाऊ नको म्हणून मी किती सांगते. पर पीक डोळ्यांदेखत वाळतं गं." मी म्हटलं, "मला सांगत जा." ती म्हणाली, "सांगून काय व्हईल? तू तिकडं जागशील." मी म्हटलं, "जागू दे." जार पहाटे पडला. दादानं तो खड्डा करून पुरला.

मग उरलेली दिवाळी दिवाळीसारखी गेली. खरवस झाला, शेजारच्या दोन घरी गेला. भाऊबीजेला माझा नवरा आला, आणि मार्च ते जूनचं मी आईला सांगून टाकलं, भांडी घासता घासता. तिनं कढई खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग घरभाडं कसं भरलं?" बाकी काही नाही. निघायच्या दिवशी सकाळी तिनं पुन्हा परातीतलं पीठ गोळा केलं, पुन्हा ती जाड भाकरी केली. ती तिनं मोडून चांदीपुढं टाकली. नाना अंगणात माझ्या मुलाला सांगत होते की यंदा दिवाळी सरली की धनगर येतील. तो म्हणाला, "मग पिल्लू मागा ना." नानांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडी फाट्याला लागेपर्यंत मी काचेतून मागं बघत होते. धुरळ्यात काही पळत नव्हतं.

परवा रात्री साडेआठला फोन केला. आईनं उचलला, आणि "जेवलात का?" च्या आधी म्हणाली, "गोऱ्ह्याला हगवण लागलीये. डॉक्टर येऊन गेला, सलाईन लावलं. पितोय थोडं थोडं." मी विचारत गेले, ती सांगत गेली. मग थोडी गप्प झाली. मला वाटलं फोन कट झाला. "आणि आजपसनं रातची लाईट हाये," ती म्हणाली. "दादा वाशीला गेलाय. कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचंय. लाईट दहाला यायचीये. नाना जाणारेत, सूनबाई हाये संगं, काठी आणि मोठी बॅटरी घिऊन. मोबाईलवर भजन लावून जातेत, मोठ्यानं." मी म्हटलं, "ठीक आहे. ते निघाले की मला फोन लाव."

तिनं दहा वाजून पाच मिनिटांनी लावला. बोलायचं काही नव्हतं. मी गॅलरीत खुर्ची घेऊन बसले, ती पडवीत बसली असणार, कारण मागं चांदीचा रवंथ आणि मध्येच दावणीची साखळी ऐकू येत होती. उसाची सळसळही येत होती, किंवा मला तसं वाटत होतं. "हायस का गं?" ती मध्येच विचारायची. "आहे," मी म्हणायची. खाली आमच्या रस्त्यावरची वाहनं कमी कमी होत गेली. पाऊण तासानं फोनमधून फार लांबून टाळांचा आवाज आला, इतका बारीक की आधी मला तो आमच्याच सोसायटीतला वाटला. आई म्हणाली, "वळणावर आले." टाळ थोडे मोठे झाले. मग मृदंग कळायला लागला. मग शब्द.